पदवीचं वर्ष

माजी विद्यार्थी संघाच्या कामाला पहिल्यांदा गेले, त्या दिवशी माझ्या हातात एक यादी आली. वर लिहिलं होतं, ‘पत्ता न लागलेले’. "तुमच्या तुकडीपासून सुरुवात करा, ओळखीची नावं भेटतील," सचिव म्हणाले. मी बोट फिरवत खाली सरकले आणि एका ओळीवर थांबले. तिथे मीच होते. लग्नाआधीच्या आडनावानं, आणि पुढे शेरा : ‘पत्र परत आले.’

"ही सापडली," मी म्हटलं.

सचिवांनी मान वर न करता विचारलं, "कुठे असते?"

"इथेच. तुमच्यासमोर."

त्या यादीत पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त होत्या. कारण शोधायला फार डोकं लागत नव्हतं. प्रवेशाच्या वेळी दिलेला पत्ता आईवडिलांच्या घराचा, मग घर बदललं, आडनाव बदललं, आणि संघाची पत्रं एका अशा मुलीला जात राहिली जी त्या नावानं कुठेच राहत नव्हती. संघाच्या जुन्या अहवालात मात्र ‘विद्यार्थिनींचा प्रतिसाद अल्प’ असं दरवर्षी इमानेइतबारे छापलेलं आहे. पत्रच पोचलं नाही तर प्रतिसाद कुठून यायचा, हे कुणाला सुचलं नव्हतं. मलाही तोवर असंच वाटत होतं की संघाला माझी आठवण नाही, तर मी कशाला काढू? दोन्हीकडून अबोला, आणि मधे नुसती एक चुकीची नोंद.

तेव्हापासून मी यादीचंच काम धरलं. कार्यकारिणीत बाकीच्यांना संमेलन हवं असतं, देणगी समिती हवी असते, व्याख्यानं हवी असतात. यादी कुणालाच नको असते. एकेक नाव घेऊन फोन लावायचे, चुकीच्या माणसाची माफी मागायची, बरोबर माणूस लागला तर त्याचा संशय दूर करायचा. संध्याकाळचे दोन तास बसलं तर पाचसहा नावं मार्गी लागतात. पण इतकी वर्षं हे केल्यावर माझं मत असं झालंय की संघाचं खरं काम एवढंच आहे, आणि बाकीचं सगळं त्याच्यावर उभं राहतं.

हे मत अगदीच माझ्या पदरचं नाही. अमेरिकेत येल कॉलेजच्या पदवीधरांनी तुकडीवार संघटना बांधायला सुरुवात केली ती १७९२ च्या सुमारास, आणि प्रत्येक तुकडीला एक चिटणीस नेमला. चिटणिसाचं काम काय, तर आपल्या वर्षाचे लोक कुठे आहेत, काय करतात, कोण गेलं याची नोंद ठेवणं. निधी वगैरे फार नंतरची गोष्ट; येलचा माजी विद्यार्थी निधी सुरू व्हायला १८९० उजाडलं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं ही मंडळी मुख्यतः एकमेकांचा माग ठेवत होती.

पूर्ण कॉलेजचा असा पहिला संघ मात्र प्रेमातून निघालेला नाही, धास्तीतून निघालेला आहे. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला, डोंगरांत, विल्यम्स कॉलेज आहे. जागा इतकी आडबाजूला की तिथे विद्यार्थी यायचे कसे, ही चिंता कायमची. १८२१ मध्ये कॉलेजचे अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर हेच काही विद्यार्थ्यांना घेऊन निघाले आणि ॲमहर्स्टला नव्या कॉलेजचे प्रमुख झाले. मागे उरलेलं कॉलेज टिकतं की बंद पडतं, अशी वेळ आली. त्या वर्षीच्या पदवीदान समारंभाला जमलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी मग माजी विद्यार्थ्यांची सोसायटी स्थापन केली. असा संघ म्हणून जगातला सर्वांत जुना मान आज तिच्याकडे आहे. अध्यक्ष कॉलेज सोडून गेले आणि जे आधीच सोडून गेले होते ते परत आले, हा उलटा प्रकार मला फार आवडतो. ॲमहर्स्टही पुढे उत्तम चाललं, त्यामुळे मूरसाहेबांवर राग धरायचं कारण नाही.

आपल्याकडचा ‘माजी’ हा शब्द मला नेहमी खटकत आलाय. अरबीतून आलेला, अर्थ सरळ ‘गेलेला, सरलेला’. माजी मंत्री म्हणजे ज्याचं खातं गेलं तो. माजी विद्यार्थी म्हणजे मग कोण? ज्याचं काय गेलं? लॅटिनमधला ‘ॲलम्नस’ मात्र पोसणं या अर्थाच्या धातूवरून आलाय, आणि विद्यापीठाला ‘अल्मा मातेर’ म्हणतात तेही त्याच धातूवरून. एक पोसणारी, दुसरा पोसलेला. त्यात गेलं-सरलं असं काहीच नाही. जेवून उठलेल्या माणसाला आपण माजी जेवणारा म्हणत नाही.

शब्दांचा खेळ सोडू. फोनवर लोक विचारतात ते सरळ असतं. मी संघाचं नाव घेतलं की पलीकडे क्षणभर शांतता पसरते आणि मग प्रश्न येतो : "किती द्यायचेत?"

ही शंका अनाठायी नाही, कारण देणगीचं शास्त्र आता फार पुढे गेलंय. निधी गोळा करणाऱ्यांच्या बोलीत ‘लायबंट’ नावाचा एक प्राणी असतो : गेल्या वर्षी दिले, दुर्दैवानं यंदा नाहीत, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. माणसाला असं नाव पडलं की त्याच्याशी गप्पा मारता येत नाहीत, त्याचा पाठपुरावाच होतो. अमेरिकेतली विद्यापीठांची एक प्रसिद्ध क्रमवारी कित्येक वर्षं माजी विद्यार्थ्यांपैकी किती टक्के देणगी देतात यालाही गुण देत होती. २०२३ मध्ये तो निकष काढला. तो होता तोवर रकमेपेक्षा डोकी मोजण्याकडे लक्ष असायचं. कितीही कमी द्या, पण द्या.

आणि देणारेही काही सगळे निर्मळ नसतात. जोनाथन मीर आणि हार्वे रोझेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एका विद्यापीठाच्या देणग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचं नाव त्यांनी झाकून ठेवलंय, ते बरंच केलं. त्यांना असं दिसलं की ज्यांना मुलं आहेत त्यांच्या देणग्या मूल प्रवेशाच्या वयाकडे येऊ लागलं की वाढतात, आणि मुलाला प्रवेश नाकारला गेला की एकदम कोसळतात. हे वाचून मला हसू आलं आणि मग आमच्याच दोनतीन दात्यांची नावं डोळ्यांसमोर आली. मी त्यांच्या मुलांची वयं आठवायला लागले, आणि स्वतःचीच लाज वाटून थांबले.

पण याच पैशाची दुसरी बाजूही खरी आहे. अमेरिकेतले उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग १९६४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी विद्यापीठाला पहिली देणगी दिली ती ५ डॉलरची. २०१८ मध्ये त्याच माणसानं १८० कोटी डॉलर दिले, गरजू विद्यार्थ्यांची फी भागावी म्हणून. लोक १८० कोटींवर थांबतात. मी त्या ५ डॉलरवर थांबते. कुणीतरी ती ५ डॉलरची नोंद केली असेल, पत्ता लिहून घेतला असेल, आभाराची दोन ओळींची चिठ्ठी पाठवली असेल. नुकता पदवीधर झालेला, खिसा रिकामा असलेला मुलगा. त्याच्याकडून काय मिळणार, असं म्हणून त्याचं नाव कुणी गाळलं नाही. (याच हॉपकिन्सनं माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकतं माप देणं बंद केल्याचं २०२० मध्ये जाहीर केलं. मीर आणि रोझेन यांच्या अभ्यासानंतर हे वाचायला बरं वाटतं.)

आमच्या संघानं ‘मार्गदर्शन’ नावाचा उपक्रम सुरू केला त्याची गोष्ट सांगते, कारण यादी कशी फसवते ते मला तिथे कळलं. पहिल्या वर्षी आम्ही यादीतले हुद्देवाले निवडले. मोठ्या पदावरची माणसं, स्वतःच्या कंपन्या असलेली माणसं. सभागृह भरलं. प्रत्येकानं आपला संघर्ष सांगितला. संघर्षाला चाळीस मिनिटं आणि प्रश्नांना पाच, असा हिशेब पडला. मुलं नम्रपणे टाळ्या वाजवून गेली. नंतर एका मुलीला विचारलं, काय मिळालं? ती म्हणाली, "सगळे पहाटे उठतात."

दुसऱ्या वर्षी व्यासपीठ काढून टाकलं. एक विद्यार्थी, एक जुना विद्यार्थी, एक तास. नियम एकच : विचारल्याशिवाय आपली गोष्ट सांगायची नाही. त्या तासात बायोडेटा वाचून द्यायचा, लटकी मुलाखत घ्यायची, आपल्या कामाचा एक साधा मंगळवार कसा जातो ते खरं खरं सांगायचं. मुलांना सर्वांत जास्त हवा होता तो हा मंगळवार. वकिली म्हणजे दिवसातला किती वेळ वाचण्यात जातो, प्रयोगशाळेत किती आठवडे काहीच घडत नाही, पत्रकाराला किती फोन कुणी उचलत नाही. हे कुठल्या माहितीपत्रकात नसतं.

आणि यासाठी सर्वांत उपयोगी पडली ती माणसं, ज्यांनी स्वतःहून कधीच नाव दिलं नसतं. एका बाईंनी संशोधन अर्ध्यावर सोडून दुसरंच काम धरलं होतं. मी फोन केला तर म्हणाल्या, "मी काय सांगणार? मी तर सोडलं." मी म्हटलं, तेच सांगा. त्या आल्या. संशोधनाला जायचं की नाही या विचारात पडलेली तीन मुलं त्यांच्यासमोर एकेक करून बसली. सोडताना काय वाटलं, घरी काय सांगितलं, मार्गदर्शकांना कसं कळवलं, पुढचं सहा महिन्यांचं भाडं कसं दिलं, हे सगळं मुलांनी विचारून घेतलं. तीनपैकी दोघं पुढे संशोधनालाच गेली. आता वाट आत कशी जाते याबरोबर बाहेर कशी येते हेही त्यांना ठाऊक होतं.

तेव्हापासून यादीतल्या ‘पद’ या रकान्याकडे मी संशयानं बघते.

हार्वर्डमध्ये एक जुनी रीत आहे. प्रत्येक तुकडी दर पाच वर्षांनी स्वतःचा अहवाल छापते, लाल बांधणीमुळे त्याला ‘रेड बुक’ म्हणतात. त्यात ज्यानं त्यानं आपलं गेल्या काही वर्षांचं आयुष्य स्वतः लिहायचं. आम्हीही त्या धर्तीवर एक लहानसा अंक काढला. नव्याजुन्या तुकड्यांकडून मजकूर मागवला, शंभर शब्द, विषय मोकळा. पहिल्या खेपेला जो आला तो सगळा पदोन्नतीचा. दहाव्या वर्षाच्या तुकडीचं तर विचारूच नका, प्रत्येक जण कुठल्या तरी विभागाचा प्रमुख. चाळीस वर्षं झालेल्यांचा मजकूर मात्र वेगळा होता. एकानं लिहिलं होतं की आता गुडघे दुखतात आणि ग्रंथालयाच्या जिन्याची आठवण येते. एकीनं लिहिलं होतं की ज्या मैत्रिणीशी तिनं शेवटच्या वर्षी भांडण केलं, ती हा अंक वाचत असेल तर तिनं फोन करावा. नंबर खाली होता. मैत्रिणीनं केला की नाही, मला कळलं नाही, आणि विचारणं बरं दिसलं नसतं.

आता कुणी म्हणेल, एवढं कशाला, प्रत्येक तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच की. असतो. आमचाही आहे, आणि त्यात सकाळी फुलांचे फोटो येतात. माग ठेवण्याचं संघाचं काम या ग्रुपनी खरोखरच काढून घेतलंय. कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाला रक्त हवंय हे तिथे दहा मिनिटांत कळतं. पण ग्रुप आडवा असतो. एका वर्षाची माणसं एका ओळीत. चाळीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या बाईंचा मंगळवार आज पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीपर्यंत पोचवायचा तर उभा धागा लागतो, आणि तो ग्रुपमधून जात नाही. प्रिन्स्टनमध्ये दरवर्षी माजी विद्यार्थ्यांची मिरवणूक निघते, तुकड्यांमागून तुकड्या, आणि परत आलेल्यांतल्या सर्वांत जुन्या तुकडीच्या सर्वांत वयस्क माणसाच्या हाती मानाची रुपेरी मुठीची काठी देतात. सर्वांत शेवटी त्याच वर्षी पदवी घेणारी मुलं. तो उभा धागा तिथे रस्त्यावर चालताना दिसतो. आमच्या संमेलनात तो जेमतेम नोंदणीच्या टेबलापर्यंत दिसतो, मग जो तो आपल्या घोळक्यात.

यादीत काम करताना मृत्यूशी गाठ पडतेच. फोन उचलणारा आवाज म्हणतो, "ते नाहीत आता," आणि मला पुढचं वाक्य दरवेळी नव्यानं शोधावं लागतं. माझ्याआधीच्या कुणीतरी अशा नावांपुढे ‘रद्द’ असं लिहून ठेवलं होतं. सभासदत्व रद्द, एवढाच अर्थ असणार. पण एका ओळीत जन्मसाल, विषय, पदवीचं वर्ष आणि मग रद्द. ते सगळे शेरे आम्ही एका रविवारी बसून बदलले.

आता ज्या फोनसाठी हे लिहायला घेतलं, त्याच्याकडे येते.

संमेलनाच्या पंधरा दिवस आधी एका माणसाचा फोन आला. आमच्याच काळातला. म्हणाला, "तुकडीतले सगळे म्हणतायत ये, पण मी येऊ शकतो का? मला पदवी नाही." दुसऱ्या वर्षानंतर वडील आजारी पडले, घर चालवायला लागला, परत येणं झालं नाही. नाव सांगितलं आणि मला तो लगेच आठवला. नाटकाला प्रकाश त्याचा असायचा. तुकडीच्या फोटोत दुसऱ्या रांगेत आहे. ग्रुपवर सगळ्यांना तो ठाऊक. फक्त यादीत नव्हता. ‘पत्ता न लागलेले’मध्येसुद्धा नव्हता. हरवलाय असं म्हणायलाही आधी तो असायला लागतो.

"या की," मी म्हटलं, आणि नोंद करायला बसले. ‘पदवीचं वर्ष’ हा रकाना भरल्याशिवाय संगणक पुढे जाईना. मी तुकडीचं वर्ष टाकून मोकळी झाले. खोटं, पण मला ते कारकुनी खोटं वाटलं. संमेलनाच्या दिवशी टेबलावरच्या एका काटेकोर सभासदानं जुळवाजुळव केली आणि त्याच्या गळ्यात वेगळ्या रंगाची चिठ्ठी अडकवली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘पाहुणे’. तो काहीच बोलला नाही. दिवसभर ती चिठ्ठी घालून हिंडला, फोटोतही ती दिसते.

मी संघाच्या घटनेत दुरुस्ती मांडली. सभासदत्वाला पदवी नको, प्रवेश पुरे. विरोध झाला, आणि तो वेडगळ नव्हता. एका ज्येष्ठांनी विचारलं, मग पदवीला अर्थ काय राहिला? पदवीला जगात खूप अर्थ आहे, ते बरोबरच होतं. ऑक्सफर्डचा कुलपती पदवीधर आणि प्राध्यापक मिळून निवडतात. २०२४ मध्ये ते मतदान पहिल्यांदा ऑनलाइन झालं, ३८ उमेदवारांतून राजकारणी विल्यम हेग निवडून आले. ब्रिटनमध्ये १६०३ पासून विद्यापीठांचे स्वतंत्र खासदार असत, न्यूटनसुद्धा १६८९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाचा खासदार होता. ती पद्धत १९५० पर्यंत टिकली. आपल्या संविधानाच्या १७१ व्या कलमानं विधान परिषदेत सुमारे एक द्वादशांश जागा पदवीधरांना दिल्या आहेत, पदवी मिळून तीन वर्षं झालेल्यांना. तिथे पदवी म्हणजे मत. मी एवढंच म्हटलं की तो कायद्याचा प्रश्न आहे, आपण कुणाला मतदार करू शकत नाही. पण संघ कायद्यानं थोडाच जमलाय? दोन वर्षं जो आपल्याबरोबर एका बाकावर बसला तो पाहुणा कसा? बिल गेट्सनी हार्वर्ड अर्ध्यावर सोडलं, २००७ मध्ये हार्वर्डनं त्यांना बोलावून मानद पदवी दिली. आपल्या प्रकाशयोजनाकाराला मानद पदवी द्यायला त्याच्याकडे आधी मायक्रोसॉफ्ट असायला हवी का?

शेवटचं वाक्य जरा नाटकी झालं, कबूल आहे.

ठराव मताला आला तेव्हा गणपूर्ती नव्हती. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली आणि अर्ध्या तासानं त्याच जागी, तेवढ्याच लोकांत, पुन्हा सुरू झाली. अकरा जण होतो. सात विरुद्ध तीन, एक तटस्थ. तटस्थ होते ते टेबलावरचे काटेकोर सभासद.

रकान्याचं नाव आता ‘प्रवेशाचं वर्ष’ आहे. विद्यापीठाकडून जुन्या प्रवेश नोंदवह्या मागवल्या आणि शेवटच्या वर्षाच्या याद्यांशी ताडून पाहिल्या. पहिल्या वर्षाला आहेत आणि शेवटच्या वर्षाला नाहीत, अशी नावं निघत गेली. निघतच गेली. ‘पत्ता न लागलेले’ची यादी आम्ही कष्टानं चार पानांवर आणली होती, ती एका महिन्यात एकतीस पानांची झाली. नवे सचिव ती बघून म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही स्वतःच ओढवून घेतलंत."

जुन्या तुकड्यांच्या ग्रुपवर विचारत विचारत मी काही नंबर मिळवले. पहिला नंबर लावला. बऱ्याच वेळानं एका बाईंनी उचलला. मी संघाचं नाव सांगितलं.

"पैशासाठी फोन केलाय का?"

"नाही," मी म्हटलं. "तुमचं आत्ताचं नाव आणि पत्ता हवाय."